मिनेसोटा, दहा हजार तळ्यांचं राज्य: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

११ मे हा मिनेसोटाचा वाढदिवस. १८५८ साली याच तारखेला ते अमेरिकेचं ३२वं राज्य झालं. वर कॅनडा, उजवीकडे लेक सुपीरियर आणि विस्कॉन्सिन, डावीकडे उत्तर आणि दक्षिण डकोटा ही राज्यं, खाली आयोवा. खालची उत्तरं वाचताना एक खूणगाठ बांधून ठेवा: या राज्याच्या नकाशात किंवा इतिहासात काही चमत्कारिक दिसलं, की आधी तिथलं पाणी कुठून कुठे जातं ते बघायचं. बहुतेक वेळा उत्तर तिथेच सापडतं.

नावाचा अर्थ काय?

डकोटा या इथल्या मूळ रहिवाशांच्या भाषेत ‘म्नी’ म्हणजे पाणी. ‘म्नी सोटा’ म्हणजे धुकट, किंचित गढूळ पाणी. काही जण ‘आभाळाचा रंग उतरलेलं पाणी’ असाही अर्थ करतात. हे नाव आधी मिनेसोटा नदीचं, मग राज्याचं. मिनिॲपोलिसच्या पोटातही तोच ‘म्नी’ आहे, त्याला ग्रीक ‘पोलिस’ म्हणजे नगर जोडलंय. डकोटा आणि ग्रीक यांचा असा संकर दुसरीकडे क्वचितच आढळेल.

राज्य केवढं आहे?

क्षेत्रफळ सुमारे २,२५,००० चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या पाऊणपटीला थोडं कमी. २०२०च्या जनगणनेत लोकसंख्या ५७,०६,४९४. त्यातले निम्म्याहून जास्त लोक मिनिॲपोलिस आणि सेंट पॉल या जोडशहरांत आणि त्यांच्या उपनगरांत राहतात. उत्तरेला गाडी चालवताना तासभर एखादंच गाव लागतं ते त्यामुळे. राजधानी सेंट पॉल. मिनिॲपोलिस मोठं असलं तरी राजधानी नाही, आणि सेंट पॉलकरांसमोर या दोन नावांची गल्लत करू नये.

तळी खरंच दहा हजार आहेत का?

जास्त आहेत. दहा एकर किंवा त्याहून मोठी अशी ११,८४२ तळी सरकारी मोजणीत आहेत. गाड्यांच्या नंबरप्लेटवर दहा हजारच लिहितात.

इतकी तळी आली ती हिमनद्यांमुळे. मागे सरकताना त्यांनी बर्फाचे प्रचंड तुकडे वाळू-गोट्यांच्या राडारोड्यात गाडून टाकले. ते सावकाश वितळले, वरची माती खाली बसली आणि खड्ड्यात पाणी साचलं. राज्याच्या मधल्या पट्ट्यातली बरीच तळी अशी. ईशान्येकडची वेगळी आहेत: तिथे बर्फाने जुना कठीण खडक खरवडून काढला आणि खडकातच खोलगे झाले. फरक काठावर उभं राहिलं की डोळ्यांनाच कळतो. मधल्या पट्ट्यात काठाला लव्हाळी आणि चिखल. ईशान्येला उघडा कातळ, काळंशार पाणी आणि कातळाच्या फटीत मुळं रोवलेले पाइन.

गंमत अशी की ८७ काउंट्यांपैकी (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा भाग) चार काउंट्यांत एकही नैसर्गिक तळं नाही: मोअर, ओल्मस्टेड, पाइपस्टोन आणि रॉक. हिमनद्यांच्या शेवटच्या फेरीने या भागांना बहुतांशी स्पर्शच केला नाही. तिथे दिसतं ते पाणी बंधारा घालून अडवलेलं.

नावांचा मात्र दुष्काळ पडलेला दिसतो. ‘मड लेक’, ‘लाँग लेक’ आणि ‘राइस लेक’ ही नावं शेकड्याने आहेत. कुणी ‘लाँग लेकला भेटू’ म्हणालं तर काउंटी विचारून घ्या.

मिसिसिपीचा उगम कुठे? तिथे जाऊन काय बघायचं?

इटास्का तळ्याच्या उत्तर टोकाला, समुद्रसपाटीपासून १,४७५ फुटांवर. तळ्यातून पाणी गोट्यांच्या ओळीवरून बाहेर पडतं, प्रवाह जेमतेम सहा मीटर रुंद आणि घोट्या-गुडघ्याएवढा खोल. शेजारच्या लाकडी खांबावर कोरलंय की इथून नदी २,५५२ मैल वाहत मेक्सिकोच्या आखाताला जाते. आजची मोजणी याहून दोनेकशे मैल कमी भरते, कारण नदी वळणं बदलते आणि माणसंही ती कापून सरळ करतात. पाण्याच्या थेंबाला आखातापर्यंत साधारण ९० दिवस लागतात असं सांगतात.

पुष्कळांची दिशेत चूक होते. मिसिसिपी दक्षिणवाहिनी, म्हणून लोक उगमापाशी दक्षिणेकडे तोंड करून फोटो काढतात. प्रत्यक्षात नदी आधी उत्तरेला बमिजीकडे जाते, मग पूर्वेला, आणि बरीच भटकून दक्षिणेची वाट धरते. गोट्यांवरून पलीकडे जायचं असेल तर शेवाळावरून पाय सटकतो. रबरी तळाचे जुने बूट घाला, चप्पल नको. गोटे निसरडे वाटले तर सरळ खाली पाण्यात उतरून चालणं जास्त सोपं. आणि हे गोटे निसर्गाने मांडलेले नाहीत: १९३०च्या दशकात उगमाची जागा दुरुस्त करून नीटनेटकी केली, तेव्हाची ती रचना आहे.

‘इटास्का’ हा मूळ रहिवाशांचा शब्द वाटतो, पण नाही. हेन्री स्कूलक्राफ्ट १८३२ मध्ये इथे पोचला तो ओझाविंदिब या ओजिब्वे वाटाड्यामुळे. ओजिब्वेंना हे तळं आधीपासून ठाऊक होतंच. स्कूलक्राफ्टने लॅटिनमधले सत्य आणि शीर्ष या अर्थांचे ‘वेरितास’ आणि ‘कापुत’ हे शब्द घेतले, पुढचा ‘वेर’ आणि मागचा ‘पुत’ छाटला, उरलं ‘इतासका’.

१८९१ मध्ये इथे राज्य उद्यान झालं, तरी लाकूडतोड लगेच थांबली नाही. १९०३ मध्ये ओंडके वाहून न्यायला घातलेल्या बंधाऱ्यामुळे तळ्याचं पाणी चढून काठचे पाइन बुडायला लागले. तेव्हा उद्यानाची हंगामी प्रमुख होती चोवीस वर्षांची मेरी गिब्ज. बंदूकधाऱ्यांना न जुमानता तिने बंधाऱ्याची दारं उघडायला लावली. आज उगमापाशीचं पर्यटक केंद्र तिच्या नावाने आहे.

हे ‘तिहेरी पाणी’ म्हणजे काय?

मिनेसोटात जवळजवळ कुठलीच मोठी नदी बाहेरून आत येत नाही. पाणी इथून बाहेर जातं, तेही तीन वाटांनी. मिसिसिपीतून मेक्सिकोच्या आखातात, सुपीरियर आणि इतर महासरोवरांतून अटलांटिकमध्ये, आणि रेड रिव्हर व रेनी नदीतून वर हडसनच्या उपसागरात. तिन्ही पाणलोट एकत्र येतात ती टेकडी हिबिंगजवळ आहे. ती खाणीच्या हद्दीत आहे, तेव्हा मनात आलं आणि गेलं असं जमत नाही.

पाणी दुभंगताना बघायचंच असेल तर पश्चिम सीमेवरच्या ब्राउन्स व्हॅली गावाला जा. गावाच्या एका अंगाला लेक ट्रॅव्हर्स, त्याचं पाणी उत्तरेला. दुसऱ्या अंगाला बिग स्टोन लेक, त्याचं पाणी दक्षिणेला. मधला उंबरठा इतका सपाट, की पाटी नसती तर कुणाच्या लक्षातही आलं नसतं. हिमयुगाच्या अखेरीस उत्तरेला लेक ॲगसिझ नावाचं अवाढव्य सरोवर साचलं होतं, ते याच फटीतून खाली ओतलं गेलं. आजची मिनेसोटा नदी त्या काळच्या महाकाय पात्रात एखाद्या ओहोळासारखी दिसते ते म्हणून.

रेड रिव्हरला दर काही वर्षांनी पूर का येतो?

नदी उत्तरेला वाहते आणि थंडी उत्तरेकडून उशिरा जाते, हे मूळ. वसंतात दक्षिणेकडचा, म्हणजे उगमाकडचा बर्फ आधी वितळतो. पाणी खाली निघतं, पण खाली, म्हणजे उत्तरेला, पात्र अजून गोठलेलं असतं. त्यात खोरं म्हणजे लेक ॲगसिझचा जुना तळ, टेबलासारखा सपाट. उतार किलोमीटरला दहा सेंटिमीटरच्या आसपास. तुंबलेलं पाणी वर चढत नाही, आडवं पसरतं.

१९९७च्या एप्रिलमध्ये ईस्ट ग्रँड फोर्क्स आणि नदीपलीकडचं ग्रँड फोर्क्स ही दोन्ही शहरं रिकामी करावी लागली. अंदाज ४९ फुटांचा होता, पाणी ५४ फुटांवर गेलं. पाच फूट ऐकायला कमी वाटतात. सपाट मुलखात पाच फूट म्हणजे अख्खं शहर.

वाळूच्या पोत्यांचा बांध घालायची वेळ आली तर तीन चुका नेहमी होतात. पोतं गच्च भरतात. ते अर्धं, फार तर दोन-तृतीयांश भरावं, म्हणजे ते चपटं बसतं आणि फटी बुजतात. पोती एकावर एक थेट रचतात. वीट रचतात तसा प्रत्येक थराचा सांधा मोडावा. आणि बांध भिंतीसारखा उभा घालतात. पाया उंचीच्या तिप्पट रुंद लागतो, नाहीतर पाणी ढकलून पाडतं. तोंड बांधायची गरज नाही, दुमडून पोत्याखालीच दाबा.

नकाशात राज्याच्या डोक्यावर तो कोंब कसला?

नॉर्थवेस्ट अँगल. अलास्का सोडली तर अमेरिकेचं सर्वात उत्तरेकडचं टोक. झाली ती शुद्ध नकाशाची चूक. १७८३च्या पॅरिस तहात लिहिलं, की सीमा लेक ऑफ द वुड्सच्या वायव्य टोकापर्यंत जाईल आणि तिथून सरळ पश्चिमेला मिसिसिपीला भेटेल. पण मिसिसिपी तिथवर पोचतच नाही. तिचा उगम खूप दक्षिणेला. वाटाघाटींत वापरलेल्या मिचेलच्या १७५५च्या नकाशात नेमका तो कोपरा दुसऱ्या एका छोट्या नकाशाने झाकला गेला होता. पुढे १८१८ मध्ये ठरलं, की त्या वायव्य टोकापासून दक्षिणेला रेघ मारायची आणि ती ४९व्या अक्षांशाला जिथे लागेल तिथून सीमा पश्चिमेला न्यायची. त्या रेघेने कॅनडाच्या भूमीचा एक तुकडा कापून अमेरिकेकडे टाकला.

गाडीने जायचं तर कॅनडाच्या मॅनिटोबातून जावं लागतं. जाताना-येताना धरून सीमा चार वेळा ओलांडली जाते. भारतीय पासपोर्टवाल्यांनी इथे थांबून विचार करावा: कॅनडाचा व्हिसा तर हवाच, शिवाय अमेरिकेत परत शिरायची आपली कागदपत्रं चालू आहेत का तेही बघून निघा. नुसत्या फोटोसाठी गेलेला माणूस परतीच्या चौकीवर अडकला तर हौस महागात पडते.

मिनिॲपोलिसला पिठाचं शहर का म्हणत?

सेंट अँथनी धबधब्यामुळे. मिसिसिपीवरचा हा एकमेव मोठा नैसर्गिक धबधबा. लुई हेनेपिन या पाद्र्याने १६८० मध्ये तो पाहिला आणि त्याला आपल्या संताचं नाव दिलं. १८८० ते १९३० या पन्नास वर्षांत जगात सर्वात जास्त पीठ इथे दळलं जात होतं.

यातली खरी अडचण गव्हाची होती. इथली थंडी कडक, म्हणून गहू वसंतात पेरतात. तो दाणा टणक आणि त्याचं साल ठिसूळ. दगडी जात्यात तो घातला, की साल चुरा होऊन पिठात मिसळायचं; पीठ काळपट दिसायचं आणि लवकर खवट व्हायचं. १८७०च्या सुमाराला इथे नवं यंत्र बसवलं. जाती जरा दूर ठेवून दाणा एकदम न दळता भरडायचा, मग हलत्या चाळणीवर खालून वारा सोडायचा: हलका कोंडा उडून जातो, जड रवाळ भाग खाली राहतो, तो पुन्हा दळायचा. सुपाने पाखडण्याचंच हे यांत्रिक रूप. आपण ज्याला रवा म्हणतो तो हाच भाग. या रव्याचं पीठ पांढरंशुभ्र आणि चिवट निघायचं, आणि आतापर्यंत स्वस्तात जाणारा वसंती गहू भाव खाऊ लागला.

धोकाही त्याच वाऱ्याने आणला. हवेत तरंगणारं पीठ बंदुकीच्या दारूसारखं पेटतं: कण बारीक, भोवती भरपूर हवा, बंद जागा, आणि एक ठिणगी पुरे. २ मे १८७८च्या संध्याकाळी वॉशबर्न ‘ए’ गिरणी उडाली आणि १८ कामगार गेले. दाण्याविना रिकाम्या फिरणाऱ्या दगडांची ठिणगी हे कारण मानलं गेलं. त्यानंतर धूळ ओढून घेणारी यंत्रं आणि दगडाऐवजी पोलादी रूळ आले. पुन्हा बांधलेल्या त्या गिरणीच्या जळक्या भिंतींतच आज मिल सिटी संग्रहालय आहे.

धबधबाही थोडक्यात वाचलाय. वर चुनखडकाचा कठीण थर, खाली हाताने कुरतडता येईल असा वालुकाश्म. पाणी खालचा खडक पोखरतं आणि वरचा थर तुटून पडतो. अशाने धबधबा हजारो वर्षं मागे मागे सरकत आलाय. १८६९ मध्ये काही उद्योजकांनी नदीखालून त्या वालुकाश्मात बोगदा खणला. ५ ऑक्टोबरला नदी त्यात घुसली. लोकांनी झाडं, दगड, हाताला लागेल ते भोकात टाकलं. पुढे लष्कराच्या अभियंत्यांनी नदीच्या पोटात या काठापासून त्या काठापर्यंत भिंत बांधली, वर उतरता ओटा घातला. आज दिसतो तो धबधबा त्या ओट्यावरून वाहणारा आहे. कातळ शोधू नका. बघायची उत्तम जागा १८८३चा स्टोन आर्च पूल.

लोखंडाच्या खाणींचं काय? ‘द रेंज’ म्हणजे कुठला डोंगर?

डोंगर कसला, लांबट उंचवटे. व्हर्मिलियन, मेसाबी आणि कयुना हे तीन लोहपट्टे. व्हर्मिलियनवरच्या सूडान खाणीतून पहिलं खनिज १८८४ मध्ये निघालं. मेसाबीचं १८९२ मध्ये. मेसाबीचं खनिज मऊ आणि जमिनीलगत, म्हणून बोगदे खणायची गरज नव्हती. वाफेच्या फावड्यांनी उपसायचं. हिबिंगची हल-रस्ट-महोनिंग खाण पाच किलोमीटरच्या आसपास लांब आहे.

हिबिंग गाव नेमकं खनिजावर बसलं होतं. म्हणून १९१९पासून गावच हलवलं: घरं ओंडक्यांवर चढवून, वाफेच्या यंत्रांनी ओढत. बहुतेक धड पोचली. सेलर्स हॉटेल मात्र ओंडक्यांवरून घसरलं आणि त्याच्या फळ्या झाल्या. जुन्या गावाचे रस्ते, पदपथ आणि दिव्याचे खांब अजून गवतात उभे आहेत. (ग्रेहाउंड बससेवेची सुरुवातही हिबिंगचीच: १९१४ मध्ये खाणकामगारांची ने-आण, माणशी १५ सेंट.)

दुसऱ्या महायुद्धापर्यंत उत्तम खनिज सरत आलं. उरला टॅकोनाइट, पंचवीस ते तीस टक्के लोखंडाचा दगड. मिनेसोटा विद्यापीठातले ई. डब्ल्यू. डेव्हिस कित्येक वर्षं त्याच्यामागे होते. रीत अशी: सुरुंग लावून फोडायचा, पावडरीइतका बारीक दळायचा, चुंबकाने लोहकण ओढून घ्यायचे, बेंटोनाइट माती आणि पाणी घालून फिरत्या पिंपात बोराएवढ्या गोळ्या वळायच्या, मग सुमारे १,३०० अंशांना भाजायच्या. गोळीत लोखंड ६५ टक्क्यांच्या आसपास. भाजणं कमी पडलं तर जहाजात भरताना गोळ्यांचा भुगा होतो, आणि भुग्याने भट्टीतली हवा अडते. सुपीरियरच्या काठी आणि रेल्वेरुळांलगत या गोळ्या सांडलेल्या दिसतात. खिशात एखादी टाकून बघा, आकाराच्या मानाने जडच लागते.

जहाजं बघायला लेक सुपीरियरवरच्या डुलूथ बंदराला कधी जावं?

२५ मार्च ते १५ जानेवारी. उरलेले दिवस सू लॉक्स, म्हणजे सुपीरियरचा दरवाजा, बंद असतो. कॅनल पार्कमध्ये एरियल लिफ्ट पुलाजवळ उभे राहा. मोठी जहाजं हजार फूट लांब, आणि धक्क्यापासून इतकी जवळून जातात की मान वर करूनच बघावं लागतं. पूल १९०५चा आहे. तेव्हा खाली लोंबकळणारी पाळणागाडी माणसं पलीकडे नेत असे. १९३०पासून अख्खा रस्ताच वर उचलला जातो.

तिथून उत्तरेला स्प्लिट रॉकचं दीपगृह. २८ नोव्हेंबर १९०५च्या वादळात या किनाऱ्यावर अनेक जहाजं आपटली, म्हणून ते बांधलं आणि १९१०मध्ये पेटवलं. १९६९मध्ये ते निवृत्त झालं, पण दर १० नोव्हेंबरला पुन्हा लावतात: १९७५मध्ये त्या दिवशी एडमंड फिट्झजेराल्ड हे जहाज २९ माणसांसह सुपीरियरमध्ये बुडालं. ते टॅकोनाइटच वाहून नेत होतं.

राज्याचं सर्वात उंच ठिकाण, ईगल माउंटन (२,३०१ फूट), आणि सर्वात सखल, सुपीरियरचा काठ (सुमारे ६०२ फूट), एकमेकांपासून पंचवीसेक किलोमीटरवर आहेत.

वाढदिवस साजरा करताना डकोटा लोकांचा विषय काढावा का?

काढावाच. तो वगळून सांगितलेला या राज्याचा इतिहास अर्धा असतो.

मिनेसोटा आणि मिसिसिपी नद्यांचा संगम ही डकोटांची ‘बदोते’, त्यांच्या उत्पत्तीशी जोडलेली जागा. त्याच कड्यावर १८१९पासून फोर्ट स्नेलिंग उभा राहिला. ज्याच्या स्वातंत्र्याच्या खटल्याने १८५७मध्ये देश हादरला तो ड्रेड स्कॉट १८३६ ते १८४० या काळात, गुलामगिरीला बंदी असलेल्या या मुलखात, याच किल्ल्यावर गुलाम म्हणून होता.

१८५१च्या दोन तहांनी डकोटांकडून दक्षिण मिनेसोटाची जवळपास सगळी जमीन गेली. सह्या घेताना एक जादा कागद पुढे सरकवला गेला, त्याने मोबदल्यातली मोठी रक्कम व्यापाऱ्यांच्या उधारीपोटी वळवली. डकोटांकडे नदीकाठचा पट्टा उरला. १८५८मध्ये, म्हणजे राज्य झालं त्याच वर्षी, त्याचाही उत्तरेकडचा अर्धा भाग गेला. १८६२च्या उन्हाळ्यात पीक बुडालेलं, ठरलेले पैसे आलेले नाहीत, गोदामात धान्य असून उधार मिळेना. ऑगस्टमध्ये युद्ध पेटलं. सहा आठवड्यांत सहाशेच्या आसपास वसाहतवाले आणि सैनिक मारले गेले. डकोटांचे किती, याची धड नोंदच झाली नाही. पैशांची पेटी फोर्ट रिजलीला पोचली ती युद्ध सुरू झाल्याच्या दिवशी.

लष्करी आयोगाने ३०३ जणांना फाशी सुनावली. काही सुनावण्या पाच मिनिटांतही उरकल्या. लिंकनने कागद तपासून बहुतेकांची फाशी रद्द केली. २६ डिसेंबर १८६२ला मॅन्केटो इथे ३८ जणांना एकाच चौथऱ्यावर फाशी दिलं, अमेरिकेच्या इतिहासातली एका दिवशीची सर्वात मोठी सामूहिक फाशी. सुमारे १,६०० बायका-मुलं-म्हातारे तो हिवाळा फोर्ट स्नेलिंगच्या खाली कोंडलेले होते, आणि पुढच्या वर्षी कायद्याने डकोटांना राज्याबाहेर काढलं. आज राज्यात डकोटांच्या चार आणि ओजिब्वेंच्या सात मान्यताप्राप्त वसाहती आहेत. मिनिॲपोलिसच्या सर्वात मोठ्या तळ्याचं जुनं नाव बदे माका स्का २०१८मध्ये परत आलं.

‘वाइल्ड राइस’ म्हणजे आपला तांदूळच का?

नाही. ते पाण्यात उगवणारं वेगळं गवत आहे, ओजिब्वे त्याला ‘मानोमिन’ म्हणतात. ऑगस्टअखेर ते सप्टेंबर हंगाम. डोंगीत दोघं: एक मागे उभा राहून दुबेळक्याच्या काठीने होडी ढकलतो, दुसरा बसून एका दांडक्याने ताटं होडीवर वाकवतो आणि दुसऱ्याने अलगद झोडपतो. पिकलेला दाणा होडीत पडतो, कच्चा ताटावर राहतो, काही पाण्यात पडून पुढच्या वर्षी उगवतो. जोरात झोडपलं तर ताट मोडतं आणि उरलेलं पीक गेलं. राज्याचे नियमही यालाच धरून आहेत: होडी १८ फुटांपेक्षा लांब आणि ३६ इंचांपेक्षा रुंद नको, दांडकं ३० इंचांपर्यंत आणि एका पौंडाच्या आत, वेळ सकाळी ९ ते दुपारी ३, परवाना सक्तीचा. मग दाणा कढईत भाजायचा, पायाने मळायचा, पाखडायचा.

शिजवताना दुकानातला चकचकीत काळा दाणा आणि तळ्यातला हाताने भाजलेला तपकिरी-करडा दाणा यांत गोंधळ करू नका. काळा शेतात पिकवलेला असतो: एक वाटीला चार वाट्या पाणी, उघड्या पातेल्यात मंद आचेवर ४५ ते ६० मिनिटं. तळ्यातला १५ ते २५ मिनिटांत होतो, पाणी तीन वाट्या. काळ्याच्या हिशेबाने तळ्यातला शिजवला तर लापशी होते. दाणा उमलून आतला फिकट गर दिसला, की उतरवून जादा पाणी निथळा. एका वाटीचा तीन-चार वाट्या होतो. बासमतीच्या मापाने कुकर लावला तर काळा दाणा कचकचीतच राहतो.

गोठलेल्या तळ्यावर चालणं कितपत सुरक्षित?

पूर्ण सुरक्षित असं कधीच नाही. स्वच्छ, नव्या, कडक बर्फासाठी राज्याची मापं अशी: ४ इंचांच्या आत पाऊल ठेवू नका, ४ इंचांवर चालता येतं, स्नोमोबिलला ५ ते ६, लहान मोटारीला ९ ते १०, मध्यम ट्रकला १३. पांढरा, बर्फ-पाणी मिसळून झालेला थर निम्म्या ताकदीचा. त्याला दुप्पट जाडी धरा. काठाशी जाडी असली म्हणजे मध्ये असेलच असं नाही: ओढा जिथे मिळतो, झरा असतो किंवा पूल असतो तिथे तो पातळच राहतो. दर दीडशे फुटांवर भोक पाडून मोजा. गाडी न्यायचीच तर काचा खाली, पट्टा सोडलेला.

पाण्यात गेलातच तर जाड कपडे काढू नका, त्यांत हवा असते. ज्या दिशेने आलात तिकडेच तोंड करा, कारण तिकडच्या बर्फाने तुम्हाला पेललं होतं. हातातले टोचे (बर्फावर जाताना सोबत ठेवायचे टोकदार खिळे) बर्फात रोवा, पाय मारत पोटावर वर या आणि लोळत दूर जा. उभं राहिलात की पुन्हा आत.

थंडी किती? टॉवर गावाजवळ २ फेब्रुवारी १९९६ला पारा उणे ६० फॅरनहाइटला गेला, म्हणजे उणे ५१ सेल्सिअस.

बाउंडरी वॉटर्समध्ये, म्हणजे कॅनडाच्या सीमेलगतच्या तळ्यांच्या राखीव रानात, होडीने जायला काय लागतं?

परवाना, बारा महिने. १ मे ते ३० सप्टेंबर या काळात रात्र काढायची असेल तर प्रवेशद्वारागणिक कोटा असतो. आरक्षण जानेवारीअखेर सुरू होतं आणि चांगली प्रवेशद्वारं पटकन संपतात. एका गटात जास्तीत जास्त ९ माणसं आणि ४ होड्या. पत्र्याचे डबे आणि काचेच्या बाटल्या नेता येत नाहीत, लोणच्याची बरणीसुद्धा नाही. प्लास्टिकच्या डब्यात काढून घ्या.

दोन तळ्यांमध्ये होडी डोक्यावर घेऊन चालायचं असतं, ते अंतर ‘रॉड’मध्ये लिहितात. एक रॉड साडेसोळा फूट, साधारण एका डोंगीएवढा. ३२० रॉड म्हणजे मैल. नकाशात ‘१८०’ दिसलं आणि पायवाट मीटरमध्ये धरली, तर अंतर पाचपट निघतं आणि खांदे शिव्या देतात. तरी ग्रँड पोर्टेजच्या मानाने हे काहीच नाही: फर-व्यापाराच्या दिवसांत तिथे हमाल साडेआठ मैल चालत, पाठीवर नव्वद नव्वद पौंडांची दोन गाठोडी.

राज्याला दोन राज्यघटना आहेत हे खरं?

खरं. १८५७मध्ये रिपब्लिकन आणि डेमोक्रॅट एका खोलीत बसायला तयार होईनात. दोन वेगळ्या सभा झाल्या. शेवटी तडजोडीचा मजकूर ठरला, पण एका कागदावर सह्या करायला नकारच. म्हणून दोन प्रती, एक पांढऱ्या कागदावर, एक निळ्या. दोन्हींत किरकोळ फरक तीनशेच्या वर.

त्याच वर्षी राजधानी सेंट पीटरला हलवायचं विधेयक मंजूर झालं होतं. जो रोलेट नावाचा आमदार ते विधेयक घेऊन गायब झाला आणि अधिवेशन संपल्यावरच उगवला. राजधानी सेंट पॉललाच राहिली.

नवा झेंडा कुठला?

११ मे २०२४पासूनचा: डावीकडे राज्याच्या आकाराची गडद निळी पट्टी, तीत पांढरा अष्टकोनी तारा, उरलेला भाग फिकट निळा, म्हणजे पाणी. जुन्या झेंड्यात नांगरणारा शेतकरी आणि घोड्यावरून निघून जाणारा मूळ रहिवासी होता; तो बदलला यात नवल नाही. दुकानांत जुना अजून मिळतो, घेताना बघून घ्या.

व्हायकिंग इथवर आले होते का?

१८९८मध्ये केन्सिंग्टनजवळ एका शेतकऱ्याला १३६२ साल कोरलेला शिलालेख सापडला. जवळपास सगळे भाषातज्ज्ञ तो एकोणिसाव्या शतकातला बनाव मानतात. फुटबॉल संघाचं नाव व्हायकिंग्ज आहे ते स्कँडिनेव्हियन स्थलांतरितांमुळे, दगडामुळे नव्हे.

नावांचे उच्चार सांगाल का?

बमिजी, मॅन्केटो, वायझेटा, ईडायना. आणि उत्तरेकडचं छोटं गाव ईली, ‘एलाय’ नव्हे.

११ मेच्या सुमारास गेलं तर काय मिळेल, काय नाही?

दक्षिणेत झाडांना पालवी असते, उत्तरेला तळ्यांवरचा बर्फ नुकताच गेलेला, एखाद्या वर्षी गेलेलाही नसतो. वॉलाय माशाचा हंगाम याच सुमारास उघडतो: मेमोरियल डेच्या (मेचा शेवटचा सोमवार) जोडसुटीतला शनिवार धरा, त्याच्या दोन आठवडे आधीचा शनिवार. त्या दिवशी उत्तरेकडे जाणारे रस्ते होड्या ओढणाऱ्या गाड्यांनी भरलेले असतात. शुक्रवारी दुपारच्या आत निघा. पाणी हाडं गोठवणारं असतं, म्हणून होडीत लाइफ जॅकेट नुसतं ठेवू नका, अंगावर घाला. लून पक्षी परतलेले असतात, त्यांचा आवाज रात्री तळ्यावर ऐकू येतो. डास अजून कमी. गोचीड मात्र जागे झालेले: फिकट पँट घाला, तिची टोकं मोज्यात खोचा, आणि संध्याकाळी गुडघ्यामागे, कानामागे, केसांच्या कडेला बघा. चिकटलेला आढळला तर बारीक चिमट्याने कातडीलगत धरून सरळ वर ओढा. तेल, काडी, नेलपॉलिश काही नको.